अपग्रेडनंतर प्रोग्राम सुरू होत नसेल तर: लिनक्समधील शेअर्ड लायब्ररींचा तंटा शोधण्याची आणि सोडवण्याची रीत

कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी खानदेशातील जिनिंगवाले यंत्रांची दुरुस्ती आणि तेलपाणी उरकून घेतात, आणि त्याच सुमारास कार्यालयातील संगणकांकडेही एकदा लक्ष जाते. उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २०.०४ या आवृत्तीची सर्वसाधारण मुदत मे २०२५ मध्ये संपल्यामुळे अनेकांना २२.०४ वर जाणे भाग पडले. अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये असे अपग्रेड झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्याचा प्रोग्राम उघडेना. काट्यावर गाडी उभी होती, शेतकरी पावतीची वाट पाहत होता, आणि काट्यावरच्या कारकुनाने फोनवर विचारले, "हाई काय व्हयनं भाऊ?" त्या प्रश्नाचे उत्तर ज्या क्रमाने शोधले, तोच क्रम येथे सविस्तर मांडत आहे, कारण उत्तर पाठ करून फारसे काही साधत नाही, शोधण्याचा क्रम मात्र प्रत्येक वेळी उपयोगी पडतो. कमांडची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत, आणि मोठी अक्षरे जेथे लागतात तेथे तसे सांगितले आहे.

डेस्कटॉपवरील आयकॉनवर क्लिक करून काहीच घडत नसेल, तर तोच प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू करावा. तो पार्श्वभूमीत चालणारी सेवा असेल, तर 'जर्नलसीटीएल' या कमांडने तिची नोंद वाचावी. बहुतेक वेळा तेथे एक ओळ दिसते, जिचा अर्थ असा असतो: 'लिबएसएसएल.एसओ.१.१' ही शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही, अशी फाइल अस्तित्वात नाही. ही ओळ जशीच्या तशी वहीत किंवा फाइलीत उतरवून घ्यावी. तिच्यातील एकेका आकड्याला अर्थ आहे, आणि "लायब्ररीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे" असे कोणी फोनवर सांगितले की तो अर्थ नेमका गळून जातो.

नावातील आकडा काय सांगतो

शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामनी मिळून वापरायचा तयार कोडचा साठा. 'एसओ' या अक्षरांच्या पुढे जो आकडा असतो, तो त्या लायब्ररीने प्रोग्रामशी केलेल्या कराराचा क्रमांक असतो. लायब्ररीत दुरुस्त्या होत राहतात, पण करार मोडत नाही तोपर्यंत हा आकडा बदलत नाही. करार मोडणारा बदल झाला की आकडा बदलावा लागतो. 'लिबएसएसएल' ही ओपनएसएसएलची, म्हणजे इंटरनेटवरील देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरची, लायब्ररी आहे. ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा तिच्या लायब्ररीचे नाव 'लिबएसएसएल.एसओ.३' असे झाले, आणि उबुंटू २२.०४ मध्ये व त्याच कुळातील डेबियन १२ मध्ये केवळ हीच आवृत्ती ठेवली गेली.

शेताचे पोटहिस्से पडून गट क्रमांक बदलले, की जुन्या क्रमांकाने उतारा मागणाऱ्याला तो मिळत नाही. जमीन जागेवरच असते, परंतु हद्दी बदललेल्या असतात. लायब्ररीचेही असेच आहे, आणि म्हणूनच अनेकजण सुचवतात तो उपाय, म्हणजे नव्या फाइलीला जुन्या नावाची सिम्बॉलिक लिंक (त्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुसरे नाव) देणे, करू नये. जुन्या क्रमांकाची पाटी नव्या शेतात ठोकल्याने हद्दी जुन्या होत नाहीत. ओपनएसएसएलच्या बाबतीत तर हा उपाय चालतही नाही, कारण जुना प्रोग्राम प्रत्येक फंक्शन १.१.० या आवृत्तीच्या शिक्क्यासह मागतो आणि नव्या फाइलीत ३.०.० चा शिक्का असतो. ज्या लायब्ररींवर असे शिक्के नसतात, तेथे प्रकार अधिक घातक ठरतो: प्रोग्राम सुरू होतो आणि भलत्याच क्षणी बंद पडतो किंवा चुकीचा आकडा लिहितो. वजनाच्या पावतीवर चुकीचा आकडा येण्यापेक्षा प्रोग्राम सुरूच न होणे केव्हाही परवडते.

अपग्रेड पूर्ण झाले आहे का, हे आधी पाहावे

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. अपग्रेडच्या मध्येच वीज गेली असेल, तर काही पॅकेजे, म्हणजे सिस्टिम ज्या गठ्ठ्यांतून प्रोग्राम आणि लायब्ररी बसवते ते गठ्ठे, उघडलेली पण मांडणी न झालेली अशी अर्धवट राहतात, आणि अशा स्थितीत लायब्ररींचा शोध घेणे व्यर्थ असते. म्हणून प्रथम 'डीपीकेजी' ही कमांड 'ऑडिट' या पर्यायासह चालवावी. ती काही नावे दाखवत असेल, तर 'डीपीकेजी' ला 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय देऊन राहिलेली मांडणी पूर्ण करावी, आणि नंतर 'एपीटी' ला 'फिक्स-ब्रोकन' सांगावे. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' ही कमांड कोणती पॅकेजे जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवली आहेत ते दाखवते; तीन-चार वर्षांपूर्वी कोणीतरी अडकवलेले एखादे पॅकेज सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. एवढे केल्यावर संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा, कारण अपग्रेडपूर्वीपासून चालू असलेल्या सेवा पुसल्या गेलेल्या जुन्या लायब्ररीच मेमरीत धरून बसलेल्या असतात, आणि त्यामुळे अर्धे प्रोग्राम जुन्या जगात व अर्धे नव्या जगात अशी स्थिती होते.

लायब्ररी मागणारा कोण, हे शोधणे

येथे बहुतेकांची वाट चुकते. वर दिलेल्या ओळीच्या आरंभी प्रोग्रामचे नाव असते, त्यामुळे ती लायब्ररी प्रोग्रामच मागत आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रामने एक लायब्ररी मागितलेली असते, त्या लायब्ररीने दुसरी, आणि दुसरीने ही सापडत नसलेली तिसरी. संदेशात दोष मात्र प्रोग्रामच्या नावावर जातो.

'एलडीडी' ही कमांड प्रोग्रामच्या फाइलीचा मार्ग देऊन चालवली, की लागणाऱ्या सर्व लायब्ररींची यादी आणि प्रत्येक लायब्ररी कोणत्या ठिकाणाहून उचलली जाणार आहे ते दिसते. जी मिळत नाही तिच्यासमोर ती सापडली नसल्याची नोंद येते. या यादीत थेट आणि आडवळणाने लागणाऱ्या लायब्ररी एकत्र असतात. केवळ थेट लागणाऱ्या पाहण्यासाठी 'रीडएल्फ' ही कमांड 'डी' या पर्यायासह चालवावी आणि 'नीडेड' असा शब्द असलेल्या ओळी वाचाव्यात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की मागणारा कोण ते उलगडू लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या, भरवसा नसलेल्या फाइलीवर 'एलडीडी' चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती फाइल प्रत्यक्ष चालवली जाऊ शकते; अशा वेळी 'रीडएल्फ' पुरेशी आहे.

एवढ्याने उलगडा न झाल्यास 'एलडी_डीबग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला दिली जाणारी सूचना) मोठ्या अक्षरांत लिहून, त्याची किंमत 'लिब्स' अशी ठेवून, त्याच ओळीत पुढे प्रोग्रामचे नाव द्यावे. मग लायब्ररी जोडणारा लोडर कोणती फाइल कोणकोणत्या डिरेक्टरीत शोधली आणि कोठे मिळाली हे एकेक पायरीने लिहून दाखवतो. ही नोंद लांबलचक असते, परंतु तिच्यापासून काहीही लपत नाही, आणि माझ्या मते या कामातील हे सर्वांत मोलाचे साधन आहे.

ती नोंद वाचण्यासाठी शोधाचा क्रम माहीत असावा लागतो. लोडर प्रथम प्रोग्रामच्या आतच लिहिलेला 'आरपाथ' हा जुन्या प्रकारचा मार्ग पाहतो, नंतर 'एलडी_लायब्ररी_पाथ' या, मोठ्या अक्षरांत लिहायच्या, व्हेरिएबलमधील डिरेक्टरी, नंतर 'रनपाथ' हा नव्या प्रकारचा आतील मार्ग, नंतर 'एलडीकॉन्फिग' या कमांडने तयार केलेली सूची, आणि अगदी शेवटी सिस्टिमच्या ठरलेल्या डिरेक्टरी. जी फाइल आधी सापडेल ती घेतली जाते. तिच्याहून योग्य फाइल पुढच्या ठिकाणी असली तरी तिच्याकडे पाहिले जात नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये '/यूएसआर/लोकल/लिब' ही डिरेक्टरी त्या सूचीत सिस्टिमच्या स्वतःच्या लायब्ररींच्या आधी येते. अपग्रेडमध्ये या डिरेक्टरीला हात लावला जात नाही, कारण ती संगणकाच्या मालकाची मानली जाते. म्हणून काही वर्षांपूर्वी कोणी सोर्स कोडपासून हाताने बनवून, म्हणजे कंपाइल करून, तेथे ठेवलेली लायब्ररी अपग्रेडनंतरही तशीच राहते आणि सिस्टिमच्या नव्या लायब्ररीला झाकून टाकते.

जिनिंगमध्ये नेमके हेच झाले होते. वजनकाट्याचा प्रोग्राम ओपनएसएसएलला थेट हाक मारतच नव्हता. पावतीची नोंद मुख्य कार्यालयाकडे पाठवण्यासाठी त्याला 'लिबकर्ल.एसओ.४' ही नेटवर्कवरून माहिती पाठवणारी लायब्ररी लागत होती. ती सिस्टिममध्ये नवीकोरी उपलब्ध होती, परंतु '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये त्याच नावाची एक फाइल पूर्वी कोणीतरी कंपाइल करून ठेवली होती, आणि ती फाइल 'लिबएसएसएल.एसओ.१.१' मागत होती. अपग्रेड संपताना जुनी, आता कोणालाही न लागणारी पॅकेजे काढून टाकू का असा प्रश्न विचारला जातो. त्याला होकार दिल्यामुळे १.१ निघून गेली, आणि सिस्टिमच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण हाताने ठेवलेल्या फाइलीची नोंद पॅकेजांच्या खात्यात नसते. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा असेही दिसले की त्या 'लिबकर्ल' मध्ये आवृत्तीची माहिती नाही, असा इशारा प्रोग्राम प्रत्येक वेळी देत आला होता आणि तो कोणी वाचला नव्हता.

एखादी फाइल सिस्टिमची आहे की परकी, हे ठरवण्यासाठी 'डीपीकेजी' ला मोठ्या अक्षरातील 'एस' हा पर्याय आणि फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा. ती कोणत्याच पॅकेजची नाही असे उत्तर आले, तर लगेच निष्कर्ष काढू नये: आता '/लिब' आणि '/यूएसआर/लिब' या एकच डिरेक्टरी झाल्या असल्या तरी खात्यात नोंद यांपैकी एकाच नावाने असते, म्हणून दोन्ही मार्गांनी विचारून पाहावे. फेडोरा किंवा त्या कुळातील सिस्टिमवर हेच काम 'आरपीएम' ला 'क्यूएफ' हा पर्याय देऊन होते. फाइल खरोखरच परकी ठरली, तर ती पुसू नये. लायब्ररींच्या शोधात न येणाऱ्या वेगळ्या डिरेक्टरीत हलवावी, 'एलडीकॉन्फिग' प्रशासकाच्या अधिकाराने चालवून सूची नव्याने बनवावी, आणि 'एलडीडी' पुन्हा पाहावी. जिनिंगमध्ये एवढ्यावर काम झाले. जुने ओपनएसएसएल शोधून आणण्याची, जे करण्याची तयारी तेथे आदल्या तासापासून चालली होती, गरजच उरली नाही.

संदेश वेगळा असेल तर

फाइल सापडत असून तिच्यात अमुक आवृत्ती नाही असा संदेश असेल, उदाहरणार्थ 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०' सापडले नाही असा, तर अर्थ बहुधा उलटा असतो: सिस्टिम नवी आहे, पण कोठूनतरी जुनी लायब्ररी आधी उचलली जात आहे. काही मोठे प्रोग्राम सी प्लस प्लसची स्वतःची 'लिबएसटीडीसी++' बरोबर घेऊन येतात आणि सुरू होताना 'एलडी_लायब्ररी_पाथ' आपल्या डिरेक्टरीकडे वळवतात. सिस्टिमची एखादी नवी लायब्ररी त्यात जोडली गेली, की तिला हवी असलेली आवृत्ती त्या जुन्या फाइलीत नसते. बरोबर आलेली जुनी प्रत बाजूला ठेवून सिस्टिमची वापरू देणे हा येथील उपाय आहे, आणि तो सुरक्षित असण्याचे कारण असे की 'लिबएसटीडीसी++' चा करार क्रमांक ६ बऱ्याच वर्षांपासून टिकून आहे आणि नवी प्रत जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते. हीच गोष्ट 'जीलिबसी' ची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीची: ती मागच्यांना सांभाळते, पुढच्यांना नाही. २४.०४ वर बनवलेला प्रोग्राम, जेथे 'जीलिबसी' २.३९ आहे, तो २२.०४ वरील २.३५ वर चालेलच असे नाही. जळगावच्या प्रयोगशाळेत नव्या संगणकावर बनवलेला प्रोग्राम धुळ्याच्या जुन्या संगणकावर चालत नाही, याचे कारण हे असते, आणि तो जुन्या संगणकावरच कंपाइल करणे हा सरळ मार्ग आहे.

एक संदेश विशेष फसवा आहे. प्रोग्रामची फाइल डोळ्यांसमोर दिसत असते, तरीही अशी फाइल नाही असे टर्मिनल सांगते. 'फाइल' ही कमांड चालवून पाहावी. प्रोग्राम ३२ बिटचा असेल, तर सापडत नसलेली फाइल म्हणजे ३२ बिटचा लोडर होय. जुन्या लेसर प्रिंटरांच्या ड्रायव्हरमध्ये हे वारंवार आढळते. 'डीपीकेजी' ला 'आय३८६' ही ३२ बिटची प्रोसेसर-रचना मान्य करण्यास सांगून, पॅकेजांची यादी अद्ययावत करून, 'लिबसी६' ची ३२ बिट आवृत्ती बसवली की प्रश्न सुटतो.

पायथन या भाषेतील प्रोग्रामांसाठी वेगळे बांधलेले आभासी परिसर, ज्यांना सर्वजण व्हेन्व्ह म्हणतात, ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ होते, २२.०४ मध्ये ३.१० आहे, जुना परिसर काढून नवा बनवावा.

प्रोग्राम खरोखरच जुना असेल तर

कधी कधी शोधाअंती असे ठरते की प्रोग्रामच जुनी लायब्ररी मागतो, त्याचा सोर्स कोड हाती नाही, आणि बनवणारा उपलब्ध नाही. नवी आवृत्ती मिळवणे किंवा पुन्हा कंपाइल करणे शक्य असेल तर दुसऱ्या कशाचाही विचार करू नये. ते शक्य नसेल, तर मी कंटेनर, म्हणजे त्याच संगणकात दुसरी सिस्टिम बंदिस्तपणे चालवण्याची सोय, सुचवतो: डॉकर किंवा पॉडमनमध्ये उबुंटू २०.०४ चे इमेज घेऊन प्रोग्राम त्याच्या जुन्या घरातच ठेवावा, आणि वजनकाट्याचा सिरियल पोर्ट त्या कंटेनरला जोडून द्यावा. ओपनएसएसएल १.१.१ ची मुदत ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपली आहे, हे विसरू नये. अशा कंटेनरला इंटरनेटची वाट खुली ठेवू नये.

कंटेनर जड वाटत असेल, तर जुन्या लायब्ररी केवळ त्या प्रोग्रामच्या खासगी डिरेक्टरीत ठेवून 'पॅचएल्फ' या साधनाने प्रोग्रामच्या आत तेवढाच मार्ग लिहिता येतो. येथे एक बारकावा आहे. 'पॅचएल्फ' स्वभावतः 'रनपाथ' लिहिते, आणि 'रनपाथ' केवळ थेट लागणाऱ्या लायब्ररींना लागू होतो, 'लिबएसएसएल.एसओ.१.१' सापडेल, परंतु तिला लागणारी 'लिबक्रिप्टो.एसओ.१.१' प्रोग्राम स्वतः मागत नसेल तर सापडणार नाही. म्हणून 'फोर्स-आरपाथ' हा पर्याय द्यावा. 'एलडी_लायब्ररी_पाथ' वापरायचेच असेल, तर ते प्रोग्राम सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवावे. सर्वांच्या लॉगिन फाइलीत ते लिहिले, तर एका प्रोग्रामसाठी केलेली सोय इतर सर्व प्रोग्रामांवर लादली जाते, आणि पुढचा तंटा तेथूनच उभा राहतो.

'लिबसी.एसओ.६' या 'जीलिबसी' च्या मुख्य फाइलीला मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. तिची जागा बदलली, की फाइल कॉपी करणाऱ्या आणि यादी दाखवणाऱ्या साध्या कमांडही त्याच क्षणी बंद पडतात, आणि झालेली चूक त्या संगणकावरून सहजासहजी सुधारता येत नाही. बहुधा पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम सुरू करून ती फाइल परत जागेवर ठेवावी लागते.

जो तंटा संदेश देत नाही

आतापर्यंत सांगितलेले सर्व प्रकार निदान बोलतात. एक प्रकार मुका आहे, आणि मराठी नावांचा डेटा सांभाळणाऱ्यांनी त्याची विशेष काळजी घ्यावी. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या 'जीलिबसी' २.२८ मध्ये अक्षरांचा अनुक्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस नेहमीच्या मांडणीत हाच अनुक्रम वापरून इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधण्याची क्रमवार सूची, बनवतो. उबुंटू १८.०४ मध्ये 'जीलिबसी' २.२७ होती, तेथून पुढे आलेल्या संगणकावर डेटाच्या फाइली तशाच उचलून वापरल्या असतील, तर जुन्या अनुक्रमाने लावलेला इंडेक्स नव्या अनुक्रमाने वाचला जातो. प्रोग्राम सुरळीत चालतो, एररही येत नाही, परंतु यादीत असलेले शेतकऱ्याचे नाव शोधल्यावर सापडत नाही. मग कारकून ते नव्याने भरतो, एकमेव नोंदीची अट असूनही डेटाबेस ते स्वीकारतो, आणि एका माणसाची दोन खाती होतात. पेमेंटच्या दिवशी हे उघडकीस येते.

म्हणून 'जीलिबसी' बदलणाऱ्या प्रत्येक अपग्रेडनंतर, पोस्टग्रेएसक्यूएल वापरात असेल तर, बॅकअप घेऊन मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स 'रीइंडेक्स' या कमांडने नव्याने बांधावेत. एकमेव असायला हव्या त्या स्तंभात दुहेरी नोंदी आधीच शिरल्या असतील, तर इंडेक्स बांधताना डेटाबेस अडतो आणि त्या दाखवतो. त्या हाताने तपासून एकत्र कराव्यात. डेटा डंप करून नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा भरला असेल, तर इंडेक्स नव्यानेच बनलेले असतात. 'सी' हा अनुक्रम वापरणाऱ्या स्तंभांना हा बदल लागू होत नाही.

पुढच्या अपग्रेडपूर्वी

उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये एकेक पायरीनेच वर जाता येते, त्यामुळे २२.०४ वरून २४.०४ वर जाण्याची वेळ येईलच. त्याआधी '/ऑप्ट' आणि '/यूएसआर/लोकल' मधील प्रत्येक प्रोग्रामवर 'एलडीडी' चालवून तिचे उत्तर फाइलीत साठवावे आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवावी. अपग्रेडनंतर तीच कमांड चालवून दोन्ही फाइली 'डिफ' ने ताडून पाहिल्या, की काय बदलले ते काही मिनिटांत कळते. जुनी पॅकेजे काढू का, या प्रश्नाला प्रथम नकार द्यावा, सर्व प्रोग्राम चालवून पाहावेत, आणि मगच ती काढावीत. २४.०४ मध्ये अनेक लायब्ररी पॅकेजांच्या नावांना 'टी६४' अशी पुस्ती जोडली आहे, ती वेळ मोजण्याचा आकडा ३२ बिट सिस्टिमांवर २०३८ नंतरही पुरावा यासाठी केलेल्या बदलाची खूण आहे. 'लिबएसएसएल३' च्या जागी 'लिबएसएसएल३टी६४' दिसले, तर पॅकेज हरवले असे समजू नये. जिनिंगमधील ती जुनी 'लिबकर्ल' मी अजून पुसलेली नाही. बाजूला काढलेल्या डिरेक्टरीत ती पडून आहे, आणि तिच्याशेजारी ती कोठून, कोणत्या तारखेला, कशासाठी हलवली हे लिहिलेली एक मजकूर-फाइल आहे.